आत्या हयात असल्याचा पुरावा

आत्या पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसलेली असताना चष्मेवाल्याने तिला मारलं. भर दुपारी, जेवण झाल्यावर, आणि तेही एका बोटाने. मोबाइलवर ‘हयात’च्या पुढची खूण काढून ‘मृत’च्या पुढे केली, साइटने तारीख विचारली तेव्हा आजचीच टाकली आणि स्वतःशीच पुटपुटला, “माफ कर गं. संध्याकाळपर्यंत उठवतो.”

“कोणाला उठवतोयस?” आतून आवाज आला. आत्या एक्याऐंशी वर्षांची होती, पण कान सोळा वर्षांचे.

“कोणाला नाही. दुकान उघडायचंय, मलाच उठायला हवं म्हटलं.”

“मग ऊठ की!”

हे असं का करावं लागलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्याच्याबद्दल तुमचं भलतंच मत व्हायचं. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान. वय छप्पन्न, स्वभाव गरीब, जन्मात कोणाशी भांडण नाही. त्या घराण्यात हे नवलच म्हणायचं. तीन वर्षांपूर्वी त्याला पूर्वज शोधायचा नाद लागला. एका साइटवर वंशवृक्ष मांडायचा आणि तिथल्या मंडळींच्या मदतीने एकेक फांदी वाढवत न्यायची. तीन पिढ्या हाती लागल्यावर त्याला दिसलं की आपल्याकडे दर पिढीत एक जण रुसून घर सोडून गेलेला आहे. पणजोबांचा भाऊ एका छत्रीवरून गेला. आजोबांचा चुलतभाऊ लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं केलं म्हणून गेला. आणि तिसरा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा काका.

आजोबा शिंपी होते. याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. ते गेले तेव्हा त्यांची कापडाची मोठी कात्री आत्याकडे आली, कारण जाता जाता तेच सांगून गेले होते, “कापायला हिचा हात, शिवायला त्याचा.” सत्तावीस वर्षांच्या काकाला ते चांगलंच झोंबलं. “तू जिवंत आहेस तोवर या घराची पायरी चढणार नाही!” असं ओरडून तो चालता झाला. आत्याही काही कमी नव्हती. “मग बस माझ्या मरणाची वाट बघत!” असं तिने खिडकीतून ऐकवलं. या गोष्टीला बावन्न वर्षं झाली. दोघांनीही शब्द पाळला.

घरात काकाचं नाव काढायची सोय नव्हती. “त्याला यायचं असेल तर पत्ता माहीत आहे त्याला,” एवढं म्हणून आत्या विषय कापायची. पण घरात ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आल्यावरही तो जुना तारेचा फोन तिने काढू दिला नव्हता. तार काढायला आलेल्या माणसाला तिने लाकडी फूटपट्टी उगारून रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं. फोन वर्षातून चारदा वाजायचा आणि चारही वेळा राँग नंबर असायचा. वाजला की आत्याचं शिवणाचं मशीन थांबायचं, राँग नंबर आहे म्हटलं की पुन्हा सुरू व्हायचं. चष्मेवाला हे वर्षानुवर्षं बघत होता. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने आणखी किती राँग नंबर उचलायचे? काकाला शोधून तिच्यापुढे उभा करायचा, तिचे डोळे मिटायच्या आत, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता. बाकीचे पूर्वज म्हणजे निमित्त.

साइटवरची मंडळी मात्र एकेक रत्न होती. ना ओळख ना पाळख, पण दुसऱ्याच्या खापरपणजोबासाठी रात्रंदिवस राबायची. यादीवाले म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा आणि मतदारयाद्यांचा ढीग. चष्मेवाल्यासाठी त्यांनी चाळीस वर्षांच्या डिरेक्टऱ्या ओळीने वाचून काढल्या. काकाचं नाव असं होतं की दर गल्लीत चार निघावेत. तीन महिन्यांनी यादीवाल्यांचा निरोप आला: “भिंगकाका, पाचशे बारा सापडले. त्यातला एकही आपला नव्हे. सगळ्यांना विचारून झालं. चौघांनी चहाला बोलावलंय.” चष्मेवाल्याला तिथे सगळे भिंगकाका म्हणायचे. तो निरोप वाचून दुकानातल्या दुकानात त्याचे डोळे भरून आले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्याने दोनदा चुकीचा नंबर लावला.

मग होती शेंडेफळ, कॉलेजात शिकणारी पोरगी, सहा महिन्यांपूर्वी आलेली. ती आईच्या आईचं माहेर शोधत होती. “आजोबांना त्यांच्या घरचं विचारलं ना, की त्यांना ऐकूच येत नाही,” असं तिने लिहिलं होतं. “एरवी बिस्किटाचा डबा उघडला तरी येतं.” तिच्या आजीची तीन पिढ्यांची फांदी चष्मेवाल्याने स्वतः जोडून दिली होती.

आणि या सगळ्यांच्या वर पुरावेबाई. कुठल्याशा कचेरीच्या दप्तरखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. गटाची सूत्रं त्यांच्या हाती. “आमच्याकडे असं सांगतात,” म्हणून कोणी लिहिलं की खाली बाईंचं उत्तर हजर: “सांगतात हा पुरावा नव्हे.” एका सभासदाकडून त्यांनी त्याची आई त्याचीच आई असल्याचे तीन कागद मागवले होते. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे, पण बाईंनी एकदा ‘मंजूर’ म्हटलं की ती नोंद काळ्या दगडावरची रेघ, हेही सगळे मानायचे.

बाईंच्याच नियमामुळे आत्यावर मरायची वेळ आली. गटात ‘बेपत्तांची भिंत’ होती. तिथे हरवलेल्या माणसाचा फोटो लावला की हजारो डोळे तो बघायचे. पण फोटोत दुसरं कोणी असेल तर ते माणूस मृत हवं, किंवा त्याची लेखी परवानगी हवी. काकाचा जगात एकच फोटो होता: वीस-बावीस वर्षांचा काका आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभी आत्या. परवानगी मागायची म्हणजे काकाचं नाव काढायचं. आत्याने फूटपट्टीच काढली असती. म्हणून त्याने ठरवलं की दुपारपुरतं आत्याला मारायचं, फोटो लावायचा, संध्याकाळी परत जिवंत करायचं. कोणाला पत्ता लागणार आहे?

दुकानात पोचेपर्यंत त्रेचाळीस जणांना लागला होता. मृत्यूची नवी नोंद झाली की साइट आपणहून गटाला कळवते, हे त्या गरिबाला ठाऊक नव्हतं. “भिंगकाका, धीर धरा.” “मोठं छत्र हरपलं.” “आत्या म्हणजे दुसरी आईच.” यादीवाल्यांनी तर लिहिलं की दोन शब्द सुचत नाहीत, आणि पुढे चाळीस ओळी लिहिल्या.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायचं. पण खोटी मृत्यूनोंद म्हणजे गटातून हकालपट्टी आणि फोटो खाली. फोटो भिंतीवर लागून जेमतेम वीस मिनिटं झालेली. दोन दिवस तरी राहू दे, असा विचार करून त्याने लिहिलं, “आभारी आहे.” कोणीतरी विचारलं, “काय झालं होतं?” त्याने थोडा विचार करून लिहिलं, “वय.”

झालं! एका खोट्याला दुसरं खोटं जोडलं की पुढची आपोआप लायनीत येतात. गटाची रीत अशी, की सभासदाचं वडीलधारं माणूस गेलं की बाकीच्यांनी मिळून त्याचं स्मरणपान तयार करायचं. मंडळी पदर खोचून कामाला लागली. दोन दिवसांत त्यांनी आत्याचा शाळेचा दाखला शोधला. एका जुन्या वर्तमानपत्रातली बातमी शोधली, त्यात शिवणकामाच्या स्पर्धेत आत्याचा दुसरा नंबर आलेला होता. तिने गणवेश शिवलेल्या शाळेचे माजी विद्यार्थी गाठले आणि त्यांच्याकडून आठवणी लिहून घेतल्या. चष्मेवाला ते पान वाचत बसला आणि त्याला एकदम भरून आलं. ज्या बाईच्या हातचं तो पन्नास वर्षं जेवत होता, तिच्याबद्दल यातलं निम्मंही त्याला माहीत नव्हतं.

“तुम्हाला झालंय काय?” बायकोने विचारलं. “आत्याबाईंना सारखं ‘दमलीस का, बस जरा’ काय म्हणताय? त्या मला विचारत होत्या, याला डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलंय का म्हणून.”

चौथ्या दिवशी सकाळी तारेचा फोन वाजला. मशीन थांबलं. आज आत्याने स्वतःच उचलला.

“हॅलो? त्या गणवेश शिवायच्या ना, त्या शाळेतली मी,” पलीकडे एक बाई हुंदके देत होती. “माझा पहिलीचा फ्रॉक त्यांनीच शिवला होता हो. आत्ताच वाचलं. फार वाईट झालं.”

“कोणाचं काय झालं?”

“आत्या गेल्या ना!”

“कोणी सांगितलं तुला? मी आत्ता तर मटाराची उसळ गॅसवर ठेवून आलेय!”

पलीकडचा हुंदका अर्ध्यावरच थांबला. फोन ठेवून आत्या वळली. चष्मेवाला दारात चपला शोधत होता.

“बाळ्या,” ती म्हणाली. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला बाळ्या म्हटलं की पळायची वाट बंद होते. “इकडे ये. बस. आणि सांग.”

त्याने सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काकासकट. सांगताना नजर फूटपट्टीवर होती. पण आत्या जागची हलली नाही. तिने मोबाइल मागून घेतला आणि तो फोटो बराच वेळ बघत राहिली.

“कोणी ओळखला का रे याला?” तिने विचारलं. आवाज इतका बारीक होता की चष्मेवाल्याला वाटलं, हिच्यासाठी आपण दहा वेळा गटाबाहेर जाऊ.

“अजून नाही.”

आत्याने नाक ओढलं आणि पदराने स्क्रीन पुसली. मग स्मरणपान वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीला तिचा मूळ आवाज परत आला. “दुसरा नंबर? पहिला होता माझा! दुसरा त्या तिरळ्या मास्तरणीच्या बहिणीचा! कोणी लिहिलं हे? आधी मला जिवंत कर, मग बघते एकेकाला!”

जिवंत करणं सोपं नव्हतं. चष्मेवाल्याने पुरावेबाईंना लांबलचक माफीपत्र लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: “दिलगिरी पोचली. आपल्यावरची कारवाई नंतर पाहू. मात्र मृत्यूची नोंद रद्द करण्यास व्यक्ती हयात असल्याचा पुरावा लागेल.”

त्याने आजचं वर्तमानपत्र हातात धरलेल्या आत्याचा फोटो पाठवला.

“फोटोत एक वृद्ध महिला वर्तमानपत्र वाचताना दिसते,” बाईंनी कळवलं. “ती सदर मृत महिलाच आहे, यास पुरावा?”

“अगं बाई!” आत्या कडाडली. “लाव फोन हिला! चेहरा दिसतो ना, तसला लाव!”

फोन लागला. पडद्यावर जाड भिंगांच्या, पांढऱ्या केसांच्या पुरावेबाई आल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता.

“तुम्ही मृत आहात,” पुरावेबाई म्हणाल्या. “आमच्या नोंदीप्रमाणे.”

“नोंदीचं काय घेऊन बसलात? मी बोलतेय ना?”

“बोलणं हा पुरावा नव्हे.”

कोणी दुसरं असतं तर आत्याने फोन आपटला असता. पण कामात चोख माणूस तिला लांबूनही ओळखू यायचं. “बरं. तो जुना फोटो काढा. त्यात माझ्या भावाच्या शर्टाची कॉलर बघा. डावं टोक उजव्यापेक्षा एक-दोन दोऱ्यांच्या जाडीएवढं मोठं आहे. कापड त्याने कापलं होतं. मी सांगत होते, घडी सरकली, थांब. ऐकेल तर शपथ. त्यावरून दोन दिवस बोललो नव्हतो. हे आम्ही दोघं सोडून तिसऱ्या कोणाला माहीत असेल तर सांगा.”

पुरावेबाई खाली वाकल्या. फोटो मोठा केला असावा. मिनिटभर नुसता त्यांच्या केसांचा अंबाडा दिसत होता. वर आल्या तेव्हा चेहराच बदललेला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “डावं टोक मोठं आहे. याला म्हणतात पुरावा! पस्तीस वर्षांत असा कोणी दिला नाही मला.” मग दोघी पाऊण तास बोलल्या. शेवटी बाईंनी सांगितलं की प्रकरण रीतसर समितीपुढे ठेवते, मंजुरी आली की भिंगकाकांच्या मोबाइलवर बटण येईल, ते दाबलं की झालं. तोवर मात्र आपण मृतच. “चालेल हो,” आत्या म्हणाली. “फक्त तो दुसरा नंबर तेवढा आजच्या आज सुधारा.”

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. चष्मेवाल्याने दार उघडलं. समोर एक मुलगी उभी होती, डोळे सुजलेले. तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, एक ताठ म्हातारा. हातात पांढरी फुलं, डोळ्यांवर चष्मा, अंगात असा शिवलेला कोट की खांद्यावर एक सुरकुती शोधून सापडू नये.

“भिंगकाका? मी शेंडेफळ,” मुलगी म्हणाली. “मी तुम्ही लावलेला फोटो बघत होते. आजोबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘कॉलर वाकडी कापली होती मी.’ मग खालची मृत्यूची तारीख वाचली आणि मटकन बसलेच. मी तुमचा पत्ता विचारते म्हटलं तर म्हणाले, पत्ता कशाला, पत्ता तोच.”

सहा महिने आपण आपल्याच काकूचं माहेर शोधत होतो, हे चष्मेवाल्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. तेवढ्यात काकाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“कोण आहे रे?” गळ्यात टेप अडकवलेली आत्या त्याच्या मागून पुढे आली.

काकाच्या हातातली फुलं खाली पडली.

“ही तर जिवंत आहे!” काका म्हणाला. आवाजात आनंद होता की तक्रार, ते सांगता येत नव्हतं.

“मग? तुझी काही अडचण आहे का?”

“अडचण म्हणजे... मी शब्द दिला होता.” आणि त्याने पायरीवरचा पाय उचलून मागे घेतला!

“मग राहा तिथेच उभा!” आत्या म्हणाली. मान ताठ.

“आजोबा!” शेंडेफळ ओरडली. “अख्खा रस्ता रडत आलात तुम्ही!”

“रडत नव्हतो. गाडीची खिडकी उघडी होती.”

आत्या तरातरा आत गेली. आता दार लावते की काय, असं चष्मेवाल्याला वाटलं. पण ती परत आली ती भिंतीवरच्या खिळ्याची मोठी कात्री घेऊन. “बघ,” ती म्हणाली. “धार बघ हिची. बाबा गेल्यापासून या कात्रीने एक चिंधीसुद्धा कापलेली नाही. तू गेलास त्याच आठवड्यात मी दुसरी आणली. दर वर्षी हिला तेल घालते, ते काय शेजाऱ्यासाठी?”

काकाची नजर कात्रीवरून हलत नव्हती. पण पाय जमिनीला खिळलेला. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, बावन्न वर्षांनी घरापर्यंत आलेला, दोन पायऱ्यांपाशी अडला होता. चष्मेवाल्याच्या मनात आलं, आता हा माघारी वळला तर संपलं सगळं. पुन्हा येणार नाही. दोघांपैकी एक खरंच गेल्यावर दुसऱ्याला कळवायचं, एवढंच काम आपल्याला उरेल.

तेवढ्यात त्याच्या खिशात मोबाइल वाजला. पुरावेबाई! “समितीने दुरुस्ती मंजूर केली आहे. खालील बटण दाबताच सदर व्यक्ती हयात होईल. पुढील फोटोसाठी परवानगी आधी घ्यावी, ही समज.”

चष्मेवाल्याने बटणाकडे पाहिलं. मग काकाकडे पाहिलं. आणि जन्मात कोणाशी न भांडलेल्या त्या माणसाने घसा खाकरला.

“काका, एक मिनिट. नोंद पाहिली तर आत्या अजून मेलेलीच आहे.”

“पुरावा?” काका म्हणाला.

चष्मेवाल्याने दोन पायऱ्या उतरून मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढे धरला. काकाने तो हातभर लांब नेला, मग नाकाजवळ आणला. चष्म्याचा नंबर बदललेला होता, हे चष्मेवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही. “हे बघा. मृत. तारीख. हे बटण मी दाबीन तेव्हा ती जिवंत व्हायची. आणि बोट माझं आहे.”

“नोंद अधिकृत आहे?”

“पुरावेबाईंची आहे, आजोबा,” शेंडेफळ घाईने म्हणाली. “त्यांच्यापुढे कोर्टसुद्धा हात टेकेल.”

काकाने सगळं पुन्हा एकदा वाचलं. मोबाइल परत दिला, कोट नीट केला. मग एक पायरी चढला. दुसरी चढला. उंबऱ्यात आला तेव्हा आत्याने त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली, डावं टोक आणि उजवं टोक जुळवून बघितलं आणि तशीच कॉलर धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.

“सारखी आहे गं,” काका रडत रडत म्हणाला. “आता सारखी कापतो.”

दुपारी उसळीवर ताव मारून काका आरामखुर्चीत झोपला होता, मांडीवर कात्री. शेंडेफळ जमिनीवर वह्या पसरून आपल्या वृक्षाला एक अख्खी बाजू जोडत होती. तिच्या मोबाइलवर यादीवाले विचारत होते की पाचशे तेरावा तो हाच का. चष्मेवाला दबक्या पावलांनी आत्यापाशी गेला.

“आत्या, ते बटण राहिलंय. आता दाबू का?”

आत्याने सुईत दोरा ओवता ओवता भावाकडे पाहिलं. “हा किती दिवस राहतोय म्हणाला?”

“बघू म्हणाला.”

“मग थांब,” आत्या म्हणाली. “हा आहे तोवर मी मेलेलीच बरी.”